खुब्याचं ऑपरेशन आणि एक कागद



संपादकांचा निरोप आला की तुम्ही इतकी वर्षं नर्स होता, तर तब्येतीबद्दल काहीतरी लिहा. तब्येतीबद्दल लिहायचं म्हणजे रक्तदाब, साखर, मीठ कमी खा, रोज अर्धा तास चाला. हे सगळ्यांना पाठ आहे आणि करत कोणी नाही. म्हणून आम्ही ठरवलं की आमच्या घरात जे झालं तेच लिहावं. आमच्या मिस्टरांना मल्टिपल स्क्लेरॉसिस, ज्याला सगळे एम.एस. म्हणतात, तो आजार आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. ऑपरेशन दीड तासाचं. पण आधीची तयारी आणि नंतरची उस्तवार वर्षभर पुरली.

आमची ओळख थोडक्यात देतो. माझगावच्या एली कदूरी शाळेत शिकलो, मॅट्रिक झाल्यावर १९६९ साली नर्सिंग शिकायला इंग्लंडला आलो आणि साउथहॅम्प्टनलाच राहिलो. हेही बंदराचंच गाव. बोटीचा भोंगा ऐकू आला की अजून माझगावची गोदी आठवते. मराठी लिहायची सवय आता सुटली आहे, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

मुलांनो, आधी तुमच्यासाठी चार ओळी. टेबलावरच्या दिव्याची वायर पाहा. आत तांब्याची तार आणि वरून रबराचं आवरण. आपल्या मज्जातंतूंनाही असंच एक आवरण असतं, त्याला मायलिन म्हणतात. रोगजंतूंशी लढायला शरीरात जे सैन्य असतं ते एम.एस.मध्ये चुकून ह्या आवरणावरच हल्ला करतं. मग मेंदूनं 'पाय उचल' म्हणून धाडलेला निरोप पायापर्यंत उशिरा पोचतो, कधी अर्धामुर्धा पोचतो, कधी पोचतच नाही. मेंदूत आणि पाठीच्या मज्जारज्जूत जागोजागी डाग राहतात. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली ह्या डागांवरूनच आजाराला नाव दिलं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आजोबांच्या कपातला चहा खुशाल प्या.

इथं ब्रिटनमध्ये सुमारे दीड लाख लोकांना एम.एस. आहे. थंड देशांत जास्त, आपल्या भारतात प्रमाण कमी. त्यामुळे आमच्या ठाण्याच्या नातेवाईकांना नावसुद्धा ठाऊक नव्हतं. एका मावशीनं फोनवर विचारलं, "काय गं, कोणाची नजर लागली का?" मुंबईतही ह्या रोग्यांसाठी संस्था आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया, १९८५ पासूनची, हे आम्हांला फार उशिरा कळलं. आमच्या पिढीला जॅकलीन द्यु प्रे आठवत असेल. चेलो वाजवणारी, जून १९६७ मध्ये जेरुसलेमला जाऊन डॅनियल बॅरनबॉइमशी लग्न केलं ती. तिला हाच आजार होता. १९७३ साली निदान झालं आणि १९८७ साली ती गेली, बेचाळीस वर्षांची. त्या काळात औषधं जवळजवळ नव्हतीच. आता आहेत, आणि पुष्कळ तरुण रोगी त्यांच्यावर वर्षानुवर्षं नीट चालतात-फिरतात.

मिस्टरांचं निदान १९९४ चं. आधी एका डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, मग डावा पाय जड झाला. आम्ही नवीन नर्स होतो तेव्हा एम.आर.आय. नव्हतं. डॉक्टरांना संशय आला की रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवायचे. अंग तापल्यावर नजर मंद झाली किंवा पाय लुळे पडले, की एम.एस. धरायचे. हा टब लक्षात ठेवा. पुढं त्याचं काम आहे.

तर खुबा. २०२० पासून उजवीकडे दुखायला लागलं. पहिलं वर्ष आम्ही सगळं एम.एस.वरच ढकललं. ह्या आजारात हे फार होतं. काहीही दुखलं की 'एम.एस. आहे, चालायचंच' म्हणून रोगी गप्प, घरचे गप्प आणि कधीकधी डॉक्टरही गप्प. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा सांध्यातली कूर्चा पार झिजलेली, हाडावर हाड घासत होतं. हे साधं म्हातारपणाचं दुखणं, एम.एस. नसलेल्या शेजाऱ्याला होतं तेच. फरक इतकाच की शेजारी दुखलं तरी लंगडत चालतो. मिस्टरांकडे तेवढी शिल्लक ताकद नव्हती.

इथं घरातली गोष्ट सांगायला हवी. मिस्टरांचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो, आमचं बावन्न. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीवरून संडासात न्यायचं तर त्यांनी झिमर फ्रेमला धरून अर्धं मिनिट तरी उभं राहायला पाहिजे. त्या अर्ध्या मिनिटावर आमचं घर चाललं होतं. ते उभं राहणं गेलं, की उचलायचं यंत्र घरात येणार, दिवसातून चार वेळा बाहेरच्या बाया येणार, आणि आमचं वय बघता पुढची पायरी नर्सिंग होमची. मुलं बोलत नव्हती, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. मिस्टर एका रात्री म्हणाले, "मला तिथं नको टाकूस." आम्ही तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नवऱ्यांना 'काही होत नाही हो' म्हणत आलो. त्या रात्री तोंडातून शब्द निघाला नाही.

सर्जननी पहिल्याच भेटीत साफ सांगितलं: ऑपरेशननं दुखणं जाईल, पण एम.एस.नं नेलेली ताकद परत येणार नाही. आम्हांला तो माणूस तिथंच आवडला. त्यांना काळजी होती ती वेगळीच. खुबा म्हणजे उखळीचा सांधा. उखळीत चेंडू फिरतो तसा. एम.एस.मध्ये मांड्यांचे स्नायू ताठतात, पेटके येतात आणि पाय आत ओढले जातात. नवा सांधा बसवल्यावर अशा ओढीनं चेंडू उखळीबाहेर निसटू शकतो. म्हणून त्यांनी वेगळ्या प्रकारचा सांधा निवडला, ज्यात लहान चेंडू मोठ्या चेंडूत फिरतो आणि तो मोठा चेंडू उखळीत. असा सांधा सहजी निसटत नाही. खुबा बदलायचं आजचं ऑपरेशन जॉन चार्नली ह्या सर्जननी लँकेशरातल्या राइटिंग्टनला १९६२ साली नावारूपाला आणलं. आमच्या वेळी रोग्याच्या दोन पायांत त्रिकोणी उशी बांधून दिवसचे दिवस निजवून ठेवायचो. आता त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उभं करतात.

सर्जननी साउथहॅम्प्टन जनरलच्या आवारातल्या वेसेक्स न्यूरॉलॉजिकल सेंटरचं पत्र मागवलं. हे फार महत्त्वाचं. हाडाचा डॉक्टर आणि मज्जातंतूंचा डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत, आणि ते आपणहून बोलतीलच असं धरून चालू नये. विचारा: "पत्र गेलं का? उत्तर आलं का?" संकोच करू नका. ज्यांची एम.एस.ची औषधं चालू आहेत त्यांनी तर हे नक्कीच विचारावं. त्यांतली काही औषधं शरीराचं सैन्य मुद्दाम कमी करतात, त्यामुळे जखमेत जंतू जाण्याचा धोका बघावा लागतो. पण म्हणून स्वतःच्या मनानं औषध बंद करायचं नाही. त्यानंही रोग उसळतो. स्टेरॉइड घेत असाल किंवा नुकतंच घेतलं असेल तर तेही भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं.

भुलेची आम्हांला सगळ्यांत जास्त भीती होती, आणि ती आमच्याच शिक्षणामुळे. आम्ही शिकलो तेव्हा एम.एस.च्या रोग्याला पाठीच्या कण्यात सुई देऊन भूल द्यायची नाही, असं पक्कं डोक्यात बसवलं होतं. भूलतज्ज्ञ बाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समजावलं. पूर्ण भुलेनं एम.एस. वाढतो असं दिसलेलं नाही. कण्यातल्या सुईबद्दलची जुनी भीतीही आता बरीच निवळली आहे, गरज असेल तर देतात. पण आवरण गेलेल्या मज्जारज्जूवर ते औषध जास्त लागू पडू शकतं, म्हणून प्रत्येक रोग्याचं पाहून ठरवायचं. मिस्टरांच्या मज्जारज्जूत डाग आहेत, लघवीचा त्रास आहे, म्हणून त्यांना पूर्ण भूल आणि सांध्याभोवती बधिर करायचं औषध द्यायचं ठरलं. स्नायू सैल करायचं एक जुनं औषध अगदी अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांत टाळतात, कारण रक्तातलं पोटॅशियम एकदम चढतं, हेही त्यांनी सांगितलं. आमचं ज्ञान पन्नास वर्षांचं शिळं होतं. मान्य केलं.

आता कागद. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "मला जे सांगितलंत ते रात्रपाळीच्या नर्सला कोण सांगणार? एका कागदावर लिहा. एकच कागद, दोन नकोत, दोन कोणी वाचत नाही." आम्ही पहिल्यांदा लिहिला तो चार पानांचा झाला. १९९४ पासूनचा इतिहास! नातीनं वाचला आणि म्हणाली, "आजी, हे पुस्तक आहे." मग कापत कापत एका पानावर आणला. सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, बॅक्लोफेन ह्या गोळीच्या वेळा: सकाळी सात, दुपारी एक, रात्री नऊ. ही पायांचा ताठपणा कमी करायची गोळी. ती एकदम बंद झाली तर पाय लाकडासारखे होतात, माणसाला भ्रम होतो, फिटसुद्धा येऊ शकते. वॉर्डात गोळ्यांची गाडी स्वतःच्या वेळेला फिरते, आणि ऑपरेशनच्या दिवशी 'उपाशी आहे' म्हणून गोळ्याही राहून जातात. आम्ही आधीच विचारून ठेवलं होतं. त्या दिवशी सकाळी सातची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला परवानगी मिळाली. त्याखाली लिहिलं की उष्णतेनं ह्यांचे पाय जातात, तेव्हा ब्लँकेटं लादू नका. लघवी पूर्ण होत नाही, फुग्यात उरते. डाव्या टाचेला स्पर्श कमी कळतो, म्हणून टाच गादीवर टेकवून ठेवू नका, जखम झाली तरी हे सांगणार नाहीत. दुपारी चारनंतर दमतात, व्यायाम सकाळी घ्या. शेवटी आमचा फोन नंबर.

मे महिन्याच्या २४ तारखेचं ऑपरेशन ठरलं. कोविडमुळे याद्या लांबलेल्या, ही तारीख मिळायला वर्ष गेलं होतं. आणि इथं आम्ही जी चूक केली ती लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

तारखेच्या दहा-बारा दिवस आधी मिस्टरांचे पाय जास्त जड झाले. झिमर धरूनही उभं राहवेना. लघवीला वास येत होता. एका संध्याकाळी हुडहुडी भरली. वॉर्डात दुसरा कोणी रोगी असता तर आम्ही अर्ध्या मिनिटात ओळखलं असतं. लघवीत जंतू. आम्ही ओळखलंच होतं. पण बोललो असतो तर तारीख गेली असती. म्हणून पाणी जास्त पाजलं, क्रॅनबेरीचा रस पाजला, आणि मनाला सांगितलं की हा एम.एस.चाच चढउतार आहे, उतरेल. तपासणीच्या दिवशी तिथल्या नर्सनं ताप पाहिला, लघवी तपासली, आणि आमच्याकडे अशी काही पाहिलं की अजून आठवतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही नर्स होता ना?"

तारीख गेली. पाच आठवडे पुढं. सर्जननी समजावलं की अंगात जंतू असताना नवा सांधा घातला आणि ते रक्तातून तिथं जाऊन बसले, तर सांधा काढावा लागतो. असं झालं असतं तर मिस्टर कायमचे अंथरुणात. आम्ही तारीख वाचवायला गेलो आणि माणूस घालवायची वेळ आणली होती. मिस्टर आम्हांला काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "चहा टाक." त्यानंच जास्त वाईट वाटलं. अँटिबायोटिक दिल्यावर पाच दिवसांत पाय पूर्वपदावर आले. म्हणजे एम.एस. वाढलाच नव्हता. तापानं जुने डाग तेवढ्यापुरते जागे झाले होते. एम.एस.च्या माणसाचे पाय अचानक गेले, की रोग वाढला असं समजून रडत बसण्याआधी ताप पाहा, लघवी तपासा. हे आम्ही दुसऱ्यांना शेकडो वेळा सांगितलं असेल.

ऑपरेशन २८ जून २०२२, मंगळवारी, इथल्याच भागातल्या एका इस्पितळात झालं. ते नीट पार पडलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आम्ही कँटीनमध्ये बसून लोकर विणत होतो आणि टाके चुकवत होतो.

दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली. लवकर काढलेली बरी, नळीतूनच जंतू चढतात. त्या रात्री दोन वाजता फोन वाजला. रात्री दोनचा फोन म्हणजे काय वाटतं ते तुम्हांला सांगायला नको. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, तुमचे मिस्टर गोंधळलेत, काहीतरी भलतंच बडबडतायत, उठायला बघतायत. भूल आणि दुखण्याची औषधं ह्यांनी म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, आम्ही पुष्कळ पाहिलेला आहे. म्हटलं, त्यांच्या कानाला फोन लावा. पलीकडून स्वच्छ मराठीत आवाज आला, "अगं, मोरीत जायचंय म्हणतोय कधीचा, ह्या बाईला कळत नाही!"

भ्रम थोडा होता, नाही असं नाही. इस्पितळात मोरी कुठली! पण झोपेच्या गुंगीत माणूस आईच्या भाषेत जातो. बावन्न वर्षं इंग्रजीत नोकरी केली तरी लघवी मराठीतच लागते. आम्ही सिस्टरला सांगितलं, फुगा तपासा. त्यांनी यंत्र लावून पाहिलं तर सातशे मिलिलिटर साठलेली! मिस्टरांना धड कळ येत नव्हती, नुसती अस्वस्थता. फुगा तुडुंब भरला की पायांना पेटके येतात, आणि दुसऱ्या दिवसाच्या नव्या सांध्याला पेटके म्हणजे काय, ते वर लिहिलंच आहे. त्यांनी ताबडतोब नळी घालून फुगा रिकामा केला. सकाळी आम्ही कागद मागून घेतला आणि खाली इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहिले: मोरी, पाणी, दुखतंय, उकडतंय, थांबा. पुढं अर्थ. सिस्टर फिलिपाइन्सची होती. तिलाही पटलं, म्हणाली माझी आईसुद्धा अशीच करेल. इस्रायलमधल्या वाचकांनी हे शब्द हिब्रू अक्षरांत लिहून द्यावेत. तुमच्या नातवंडांना हे काम सांगा, त्यांना येतं.

आणखी एक. खुब्याच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अठ्ठावीस दिवस रोज पोटात सुई टोचायची होती. एम.एस.चे पाय कमी हलतात म्हणून धोका अधिक. सुई आम्हीच देत होतो. नातवानं खोक्यातला कागद वाचला आणि ओरडला, "आजी, हे डुकरापासून करतात!" खरंच आहे, हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. आमच्या सासूबाई असत्या तर इस्पितळ डोक्यावर घेतलं असतं. पण सुई म्हणजे खाणं नव्हे, आणि जीव वाचवण्यापुढं बाकी नियम मागे राहतात, हे आपल्याकडे जुनंच आहे. कोणाला शंका असेल तर आपल्या रब्बींना आधीच विचारून मोकळं व्हावं, पण सुई चुकवू नये.

सहाव्या दिवशी घरी आणलं. त्याआधी ओ.टी. बाई येऊन फूटपट्टीनं घर मोजून गेल्या होत्या. खुर्ची किती उंच, पलंग किती, संडास किती. नव्या खुब्याला खाली बसणं वर्ज्य. आमचा बैठा दिवाण, ज्यावर पस्तीस वर्षं पत्ते खेळलो, तो वर नेला. संडासावर उंच बैठक बसवली. जाजमं सगळी गुंडाळली. जाजमांनी पाडलेले रोगी आम्ही मोजायचं सोडून दिलं होतं.

व्यायामाचं कोष्टक सगळ्या रोग्यांना मिळतं तेच मिळालं: दिवसातून तीनदा, प्रत्येकी दहा वेळा. पहिल्या दिवशी मिस्टरांनी जिद्दीनं सगळं केलं आणि पुढचे दोन दिवस मान उचलता येईना. एम.एस.चा थकवा झोपेनं जात नाही. बॅटरीच लहान असते. फिजिओ बाईंना फोन केला. त्यांनी कोष्टक मोडून दिलं: तीन-तीन वेळा, दिवसातून सहा-सात खेपा, मध्ये पडून राहायचं, आणि दुपारी चारनंतर काही नाही. नात भिंतीवर रेघा ओढायची. उभं राहिलं की एक रेघ. पहिल्या आठवड्यात रेघा कमी, शेजारचे एक गृहस्थ त्याच महिन्यात त्याच ऑपरेशननंतर काठी टेकत दुकानात जायला लागले होते. मिस्टर खिडकीतून त्यांना पाहायचे आणि पडदा ओढायला सांगायचे.

मग आली ती जुलैची लाट. वाचकांना आठवत असेल, १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरातल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले. इंग्लंडात चाळिशी पहिल्यांदाच ओलांडली. आमच्याकडे तेवढं नव्हतं, तरी पारा तिशीच्या बराच वर. मुंबईत वाढलेली माणसं, आम्हांला काय त्याचं, असं तुम्ही म्हणाल. पण मुंबईच्या घरात पंखा असतो, वारा असतो. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली. १८ तारखेच्या दुपारी मिस्टर उभे राहायला गेले आणि दोन्ही पाय कापसासारखे. ऑपरेशनला तीनच आठवडे झालेले. बोलणंही जड झालं. आम्ही ताप पाहिला, नव्हता. जखम पाहिली, कोरडी. लघवी स्वच्छ. लोभानं काही लपवायचं नाही, हे आता शिकलो होतो. इस्पितळाच्या नंबरावर फोनही केला. आणि मग तो गरम पाण्याचा टब आठवला. घरच टब झालं होतं.

उन्हाच्या बाजूचे पडदे ओढले. मानेवर ओला पंचा, पाय गार पाण्याच्या पाटीत (खुबा न वाकवता, खुर्ची उंच ठेवून), समोर शेजाऱ्यांकडून आणलेला टेबलफॅन. नातवंडांनी बर्फ फडक्यात घालून लाटण्यानं कुटला, त्यावर कोकमाचं सरबत ओतलं आणि आजोबांना गोळा करून दिला. गिरगाव चौपाटीचा गोळा काड्यांवर असायचा, हा वाटीत चमच्यानं. मिस्टरांनी तीन खाल्ले. २० तारखेला हवा उतरली आणि दुपारी मिस्टर उभे राहिले, चाळीस सेकंद. नातीनं रेघ लाल पेन्सिलीनं ओढली. जर्मनीतल्या उथॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० सालीच हे लिहून ठेवलं होतं की श्रम झाले की ह्या रोग्यांची नजर मंदावते आणि विसावा घेतला की परत येते; ह्यामागं अंग तापणं आहे हे पुढं कळलं. पायांचंही तसंच.

नंतरचं भराभर सांगतो. शेजाऱ्यांना जे सहा आठवड्यांत झालं ते मिस्टरांना नऊ महिने लागले. मधे दोनदा आम्हांला वाटलं की आता काही नाही, उगाच केलं. दुखणं मात्र पहिल्या महिन्यातच गेलं होतं, सर्जन म्हणाले तसं. रात्री कूस बदलताना ते पूर्वी ओरडायचे. ते थांबलं, म्हणून झोप लागली. झोप लागली म्हणून सकाळी अंगात जोर आला. ताकद जितकी एम.एस.नं ठेवली होती तितकीच आहे, पण आता ती दुखणं सोसण्यात खर्च होत नाही. मिस्टर ओट्याला धरून स्वतःचा चहा टाकतात. दूध उतू जातं, तो भाग वेगळा. पलंगावरून खुर्चीत स्वतः वळतात, आम्ही फक्त मागे हात धरून उभे राहतो. उचलायचं यंत्र आलं नाही.

एलियाहू हन्नाबीचा मलिदा बोललो होतो. २०२३ च्या वसंतात केला. पोहे मुंबईहून आलेले, नारळ साउथहॅम्प्टनच्या बाजारातला, खवणी आईची. बेराखा म्हणताना मिस्टर फ्रेम धरून उभे होते, नातवानं मागं खुर्ची धरलेली. पुरे म्हटलं तरी बसेनात. शेवटी नातीनं, पूर्वीच्या सवयीनं, मोठ्यानं सेकंद मोजायला सुरुवात केली आणि सगळे हसले.

आता डावा खुबा कुरकुरतो आहे. एक्स-रे झाला, सर्जनची तारीख यायची आहे. कागद नव्यानं लिहायला घेतला आहे. मराठी शब्दांची यादी ह्या वेळी मिस्टरांनी स्वतः करून दिली, आणि तिच्यात 'चहा' सगळ्यांत वर घातला आहे.